दुसऱ्या स्वाध्यायातली ओळ

सावेडी, नगर
२७ ऑक्टोबर १९९६

चि. भारती हीस,
मामाचा जयभीम व आशीर्वाद.

तुम्ही सगळे कोपरगावच्या तळावर सुखरूप पोचल्याचे कळले. तू लिहिल्याप्रमाणे लोकविद्या मुक्त शिक्षणपीठाच्या इथल्या अभ्यासकेंद्रावर जाऊन पूर्वतयारी अभ्यासक्रमाचा फॉर्म भरून दिला. प्रवेश क्रमांक ११४, पावती माझ्याजवळ ठेवली आहे. फोटो तुझ्या लग्नातला कापून लावला. प्रवीणरावांचा खांदा थोडा आला आहे, त्याला इलाज नाही.

आता माझे म्हणणे ऐक. मी खिडकीवर विचारले, शाळा सोडल्याचा दाखला कुठे जोडू? क्लार्क म्हणाला, लागत नाही. आठवीची गुणपत्रिका? लागत नाही. मग लागते काय? तर वय अठरा पूर्ण आणि सही. फी? ऊसतोडीच्या बायकांना माफ. आणि पुस्तके? तीही फुकट, हे घ्या, म्हणून चार पुस्तकांचा गठ्ठा माझ्या हातात. भारती, मी एकोणतीस वर्षे विजेच्या जळालेल्या मोटारी भरतो आहे. एवढ्या वर्षांत मला कोणी फुकट काही दिले असेल तर ते सल्ले. आत जाताना ज्या दारात कोणी अडवत नाही, तिथून बाहेर पडताना हातात काय पडत असेल, याचा विचार तू केला आहेस का?

मी सातवीतून शाळा सोडली हे तुला ठाऊक आहे. वायंडिंग मला कोणी शिकवले नाही. जळकी मोटार उकलायची, तारेचा एकेक वेढा मोजायचा, वहीत उतरवायचा आणि तसेच्या तसे परत भरायचे. पहिल्या सहा मोटारी पुन्हा जळाल्या. सातवी चालली. ती माझी परीक्षा. आणि १९७४ साली पेपरातली जाहिरात बघून मी घरबसल्या रेडिओ शिकवणाऱ्या एका कंपनीला मनिऑर्डर केली होती. त्यांच्याकडून एक रंगीत पत्रक आले, पुढे काही नाही. तेव्हापासून 'घरबसल्या' हा शब्द दिसला की मी दोन पावले मागे सरतो.

तरी तू भागिरथीताईची मुलगी. तुझी मामी म्हणाली, "पोरीचं काम आहे, आधी करा, मग काय बोलायचं ते बोला." म्हणून केले.

स्वाध्याय, म्हणजे घरी उत्तरे लिहून पाठवायच्या वह्या, दोन आहेत. दोन्ही वेळेत पोचून मान्य झाल्या तरच मे महिन्यात परीक्षेला बसू देतात. त्या थेट केंद्राला पोस्टाने पाठवू नकोस. पोस्टावर माझा भरवसा नाही. माझ्याकडे पाठव, मी स्वतः नेऊन देईन आणि शिक्क्याची पोच घेईन.

पुस्तके कोपरगाव गाडीच्या कंडक्टरजवळ देत आहे. प्रवीणरावांनी स्टँडवर मोजून घ्यावीत. चार.

तुझा मामा,
भीमराज पगारे

*

ऊसतोड कामगारांचा तळ, कोपरगाव
१४ नोव्हेंबर १९९६

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

पुस्तकं मिळाली. मोजली. चार.

तुम्ही म्हणता पोस्टावर भरवसा नाही, वह्या तुमच्याकडे पाठव. मामा, माझ्यापासून तुमच्यापर्यंत पण पोस्टच येतं. तिथून पुढच्या दीड मैलातच ते वाईट होतं का? पण असू दे, तुमच्याकडेच पाठवीन. पहिली वही याच्यासोबत आहे.

अभ्यास कधी करते असं मामीनं विचारलंय. पहाटे उसाच्या फडात जातो. दुपारपर्यंत गाडी भरते, मग हे ती घेऊन कारखान्यावर जातात. तिथं वजनकाट्यापुढं बैलगाड्यांची रांग असते, दोन दोन, तीन तीन तास. मी आता ह्यांच्यासोबत जाते. भरल्या गाडीवर उसावर चढून बसायचं आणि पुस्तक काढायचं. बैल पुढं सरकले की ओळ हुकते, एवढंच. लोक हसतात. काल मागच्या गाडीवाला म्हणाला, "काय वैनी, उसाला शिकवताय व्हय?" तर हे म्हणाले, "न्हाई, तुज्या बैलाचा फॉर्म भरायलीय. त्यालाबी दाखला लागत न्हाई." म्हणजे तुमचंच म्हणणं ह्यांच्याही तोंडी आहे.

पण मी हे कशासाठी करते ते नीट सांगते. तळावर एका संस्थेनं साखरशाळा काढली आहे, ऊसतोडीच्या पोरांसाठी, पत्र्याच्या खोलीत. तिथल्या ताई म्हणाल्या, पूर्वतयारी पास झालीस तर पुढच्या हंगामापासून तुझं नाव शिकवायला सुचवते. मी घरात सांगितलं. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मी सुटले तर कोयता अर्धा होतो. सासरे म्हणाले, "एक हंगाम. औंदा पास झालीस तर शाळा. न्हाई झालीस तर पुन्यांदा पुस्तकाचं नाव काढायचं न्हाई." सासूबाईंनी मान हलवली. ह्यांनी मान खाली घातली.

तेव्हा मला हा एकच हंगाम आहे, मामा. दार खरं आहे की खोटं ते आत गेल्यावर बघू.

तुमची,
भारती

*

सावेडी, नगर
८ डिसेंबर १९९६

चि. भारती हीस,
मामाचा जयभीम.

पहिला स्वाध्याय १८ नोव्हेंबरला दिला, पोच घेतली. काल तो तपासून परत मिळाला. त्याचे सांगतो, पण आधी केंद्राचे सांगतो.

रविवारी तिथे शिकवणारे येतात, विद्यार्थ्यांनी शंका विचारायच्या. तू येऊ शकत नाहीस म्हणून दुकान बंद ठेवून मी गेलो. यादीत नावे एकतीस, हजर चार. त्यातला एक टायपिंगच्या परीक्षेला निघाला होता, चुकून आत आला. शिकवायला श्रीमती सीमा बोरुडे म्हणून बाई स्कूटरवरून आल्या. मला म्हणाल्या, "काका, आपला प्रवेश क्रमांक?" मी म्हटले, माझा नाही, भाचीचा. "मग भाचीला काय शंका आहेत?" मी म्हटले, "शंका मला आहेत."

विज्ञानाचे पुस्तक, पृष्ठ ४२, खालून सहावी ओळ. 'विजेचे एक युनिट म्हणजे एक हजार वॅट.' चूक. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले तर एक युनिट. तास कुठे गेला? बाईंनी पुस्तक हातात घेतले, वाचले, म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. छपाईत राहिलं. कळवते." कोणाला कळवता? कधी? त्याची पोच मिळेल? बाई हसल्या. मला हसण्यासारखे काही दिसले नाही. एकतीस जणांनी ते पान वाचले असेल आणि एकोणतीस वर्षे मोटारी भरणाऱ्या माणसाशिवाय कोणाला काही खटकले नाही.

आता तुझी वही, ती या पत्रासोबत परत पाठवत आहे. वीसपैकी सतरा गुण. शेवटच्या पानावर लाल शाईने एक शब्द: 'छान'. मी अकराही पाने उलटसुलट बघितली. आत दुसरी खूण नाही. पान चारवर तुझा भागाकार चुकला आहे (बाकी सात येते, तू नऊ लिहिली आहेस), तिथेही काही नाही. म्हणजे कोणी वाचलेले नाही. वही हातावर तोलून गुण दिले आहेत. प्रवेश सगळ्यांना, पुस्तक सगळ्यांना, 'छान'ही सगळ्यांना. तुझ्या सतरा गुणांचा मला आनंद झाला असता, ते कोणी दिले हे कळले असते तर.

दुसऱ्या स्वाध्यायाची मुदत ३१ डिसेंबर. विसरू नकोस.

तुझा मामा,
भीमराज

*

कोपरगाव
२२ डिसेंबर १९९६

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

सतरा! तुम्ही पत्राच्या पोटात कुठंतरी टाकलंत, मला तीनदा शोधून वाचावं लागलं. ते 'छान' लिहिलेलं पान मी तळावर सगळ्यांना दाखवलं. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तांबड्या शाईनं चांगलंबी लिवत्यात व्हय?"

भागाकार चुकलाच आहे. परत केला, सातच आली. बाईंनी दाखवला असता तर जास्त बरं वाटलं असतं, हे तुमचं खरं आहे. पण म्हणून सगळंच खोटं कसं?

दुसरी वही सोबत आहे. चौथा प्रश्न होता 'माझ्या परिसरातील पाणी'. पुस्तकात त्याचं उत्तर नाही, आपल्या मनानं लिहायचं. मी दोन पानं लिहिली. गोदावरीच्या कालव्यावरून आम्ही पाणी आणतो, तिथपर्यंत किती पावलं होतात, कालवा कोरडा असला की कोणाच्या मोटारीवर जावं लागतं, तो माणूस काय बोलतो आणि आम्ही काय ऐकून घेतो, सगळं. लिहिताना गाडी काट्यावर पोचली तरी कळलं नाही. ह्यांनी खालून हाक मारली, "उतर आता, तुजं वजन धरतील."

मामा, तुम्ही वही वाचाल हे मला माहीत आहे. वाचा. पण तिला हात लावू नका. चुकलं असेल तर चुकलेलं जाऊ द्या. ते माझं आहे.

तुमची,
भारती

*

सावेडी, नगर
२ जानेवारी १९९७

चि. भारती हीस,
मामाचा जयभीम.

स्वाध्याय ३० डिसेंबरला दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी केंद्रावर दिला. पोच सोबत जोडली आहे, जपून ठेव.

चौथा प्रश्न वाचला. दोनदा वाचला. मोटारवाल्याचे जे लिहिले आहेस ते वाचून मी हातातली मोटार बाजूला ठेवली. माझ्याकडे मोटारी घेऊन येणारे निम्मे लोक तसेच बोलतात, आणि मी कधी त्यांना काही बोललो नाही.

पण एवढे लिहून ते कोणी वाचणारच नसेल तर? या वेळी मी 'छान'वर समाधान मानणार नाही. मोटार भरून झाली की वार्निश घालण्याआधी मी टेस्ट लॅम्प लावतो. दिवा पेटला तर आत दोष आहे. तसाच एक दिवा इथे लावला आहे. तपासणारे तपासतात की नाही ते या खेपेला कळेलच. कसा लावला ते आत्ता विचारू नकोस. तुझे नुकसान होणार नाही हे बघूनच केले आहे.

तुझे अक्षर आता माझ्या चांगले ओळखीचे झाले आहे. उकाराला तू फार लांब शेपूट काढतेस.

तुझा मामा,
भीमराज

*

लोकविद्या मुक्त शिक्षणपीठ
अभ्यासकेंद्र, नगर
२७ जानेवारी १९९७

श्रीमती भारती प्रवीण भिंगारदिवे यांस,
(प्रत: तळाचा पत्ता, कोपरगाव; द्वारा श्री. पगारे, सावेडी)

आपल्या दुसऱ्या स्वाध्यायात प्रश्न ४ च्या उत्तरात 'नगर शहर गोदावरीच्या काठी वसलेले आहे' असे एक वाक्य आहे. त्याची शाई उर्वरित लेखनापेक्षा वेगळी आहे आणि हस्ताक्षर आपल्यासारखे असले तरी आपले नाही. तपासनीस श्रीमती बोरुडे यांचा शेरा असा: "जी बाई रोज कोपरगावात गोदावरीच्या कालव्यावरून पाणी आणते आणि पावले मोजते, ती गोदावरी नगरला नेऊन ठेवणार नाही. हे वाक्य दुसऱ्या कोणाचे आहे. मग बाकी उत्तर तरी तिचे आहे का?"

स्वाध्याय दुसऱ्याकडून लिहवून घेणे नियमबाह्य आहे. स्वाध्याय क्र. २ अमान्य करण्यात येत असून आपण मे महिन्याच्या परीक्षेस अपात्र ठरता. खुलासा द्यावयाचा असल्यास १५ फेब्रुवारीपर्यंत लेखी द्यावा.

राधाकृष्ण कानडे
केंद्रसंयोजक

*

कोपरगाव
३ फेब्रुवारी १९९७

ती. मामांस,
जयभीम.

केंद्राचं पत्र परवा आलं. तुम्हालाही आलं असेल. तुमच्याकडून काही आलं नाही, म्हणून लिहिते.

मी वाक्य वाचलं आणि आधी वाटलं, कोणाची तरी वही माझ्या वहीत मिसळली. मग तुमचं जानेवारीचं पत्र परत काढलं. 'एक दिवा लावला आहे.' मामा, तो दिवा तुम्ही माझ्या वहीत लावलात.

पत्र आलं तेव्हा सासरे समोरच होते. मी काय वाचते ते त्यांना तोंडावरून कळलं. म्हणाले, "झालं?" मी पत्राची घडी घातली. त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे कोयता माझ्या हातात दिला, रोज मी तो स्वतः उचलते. आणि साखरशाळेच्या ताई म्हणाल्या, "कोणाकडून लिहून घेतलंस गं? मला सांगायचंस, मी मदत केली असती." सगळ्यांना तेच वाटतं. दोन पानं मी उसावर बसून लिहिली ती आता माझी राहिली नाहीत.

त्यांना तपासायचं होतं तर तुम्ही तुमची वही द्यायची. माझी का? मला एकदा तरी विचारलंत? मी लिहिलं होतं हात लावू नका. मला वाटतं तुम्हाला त्यांचा संशय नव्हता. तुम्हाला संशय माझा होता. दाखल्याशिवाय, आठवी शिकलेली, उसातली बाई सतरा गुण मिळवते म्हणजे देणाराच खोटा असणार. एकट्यानं शिकणारे फक्त तुम्ही.

मी पंधरा तारखेच्या आत नगरला येऊ शकत नाही. मी दोन दिवस गेले तर ह्यांचा कोयता उभा राहतो, आणि आता ते मागायला मला तोंड नाही. खुलासा तुम्हीच लिहा. कोणी केलं, कसं केलं, सगळं. मी लिहिलं तर कोण खरं मानेल?

भारती

*

सावेडी, नगर
७ फेब्रुवारी १९९७

मा. केंद्रसंयोजक यांस,
स. न. वि. वि.

प्रवेश क्रमांक ११४, श्रीमती भारती भिंगारदिवे यांच्या दुसऱ्या स्वाध्यायातील आक्षेपित वाक्य मी लिहिले आहे. मी त्यांचा मामा. मोटार रिवायंडिंगचा व्यवसाय, शिक्षण सातवी अपूर्ण.

रविवार दि. २९ डिसेंबर रोजी दुपारी दुकानात बसून हे केले. प्रश्न ४ च्या उत्तरात दुसऱ्या पानावर दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी होती, तिथे लिहिले. पेन माझे निळे बॉलपेन. अक्षर तिच्यासारखे यावे म्हणून आधी जुन्या बिलाच्या मागे आठ वेळा गिरवले. ते बिल सोबत जोडले आहे, पडताळून घ्यावे. नगर सीनेच्या काठी आहे हे मलाही ठाऊक आहे आणि तिलाही. अगदी उघड चूक हवी होती म्हणून ती निवडली. बाकी सगळ्या वहीत माझे एक अक्षरही नाही.

माझा हिशेब असा होता, की चूक पकडली तर तिचा एखादा गुण जाईल आणि नाही पकडली तर तुमचे सोंग उघडे पडेल. चूक पकडणारा माणूस हातही पकडेल हे माझ्या डोक्यात आले नाही. तिला यातले काही माहीत नव्हते. तिने वहीला हात लावू नका असे लिहून कळवले होते. ते पत्रही जोडले आहे. कृपया परत करावे.

तुमचे पत्र आल्यावर मी तुम्हाला तीन पानांचे उत्तर लिहिले होते. त्यात पृष्ठ ४२, पहिल्या स्वाध्यायातला न तपासलेला भागाकार, रविवारची हजेरी, सगळे मांडले होते आणि शेवटी ओळभर कबुली. मधे भारतीचे पत्र आले. मग ते तीन पानी उत्तर फाडून टाकले.

मी शिकलो तो माझा मी, आणि तपासलेही माझे मीच. त्यामुळे दुसरा कोणी मन लावून तपासत असेल यावर माझा विश्वास बसत नाही. श्रीमती बोरुडे यांनी ते उत्तर माझ्यापेक्षा नीट वाचले. मी दोनदा वाचले आणि वाचून झाल्यावर त्यातच खोटे वाक्य घुसवले.

शिक्षा जी द्यायची ती मला द्यावी. तिचा एकच हंगाम आहे.

आपला,
भीमराज पगारे

*

अभ्यासकेंद्र, नगर
१४ फेब्रुवारी १९९७

श्री. पगारे यांस,
स. न. वि. वि.

संयोजकांच्या संमतीने लिहिते. आपला खुलासा आणि बिल पाहिले. उकार चांगला जमला आहे, पण तुमची शिरोरेषा पट्टीने मारल्यासारखी येते. तिची बैलगाडीबरोबर हलते.

तिचा पहिला स्वाध्याय मी एका दुपारी तीस वह्यांसोबत तपासला. भागाकार माझ्याकडून निसटला, ही माझी चूक. ती तुम्ही मला दाखवायला हवी होती. मी दर रविवारी तिथेच असते.

२ मार्चला मी कोपरगावला येणार आहे. तिथल्या शाळेत भारतीने माझ्यासमोर बसून एक उत्तर नव्याने लिहावे. ते आणि जुने उत्तर एकाच हातचे वाटले तर स्वाध्याय मान्य होईल. तिला वेगळे कळवले आहे.

यापुढे तिची कोणतीही वही तुमच्या हस्ते स्वीकारली जाणार नाही.

सीमा बोरुडे

*

कोपरगाव
६ मार्च १९९७

ती. मामांस,
जयभीम.

बाई आल्या होत्या. सासरे म्हणाले, मी येतो संगं, बघू तरी कसली परीक्षा असती. मला वाटलं ते माझ्यावर नजर ठेवायला येतायत.

बाईंनी पाण्याचा प्रश्न दिला नाही. म्हणाल्या, तो तुला आता पाठ असेल. त्यांनी दिला 'माझे एका दिवसाचे काम'. मी पहिली दहा मिनिटं काहीच लिहिलं नाही. हाताला उसाच्या पाचटाचे काप होते, पेन धरताना झोंबत होतं, आणि बाई समोर बसून हाताकडंच बघत होत्या. सासरे उंबऱ्यात बसलेले. ते मोठ्यानं म्हणाले, "बाई, इतकं काय बघताय तिच्या हाताकडं?"

बाई म्हणाल्या, "अक्षर बघते."

"तिचंच हाय. आमच्यात दुसऱ्या कुनाला येतच न्हाई."

बाई हसल्या, मग मीही हसले, आणि त्यानंतर लिहिता आलं. तीन पानं झाली. बाईंनी तिथंच जुनी वही काढून शेजारी ठेवली, दोन्हीवर वेळ घालवला. सासरे उठून त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले, वाचता येत नसून. शेवटी बाई म्हणाल्या, "मान्य." या वेळी त्यांनी प्रत्येक पानावर काहीतरी लिहिलंय. चार चुका काढल्यात. त्या चार चुका बघून मला सतरा गुणांपेक्षा बरं वाटलं.

वाटेत सासरे म्हणाले, "तुज्या मामानं असं का केलं?" मी म्हटलं, त्यांना सगळं तपासून घ्यायची सवय आहे. ते म्हणाले, "मंग तुला कशाला तपासायचं? तू काय मोटार हायस?"

मी तुमचं केंद्राला लिहिलेलं पत्र वाचलं. बाईंनी दाखवलं. ते लिहायला तुम्हाला किती जड गेलं असेल ते मला कळतं. पण राग गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मे महिन्यात परीक्षेला नगरला येईन, मामीकडं उतरेन. पण पेपरच्या दिवशी तुम्ही केंद्रावर यायचं नाही. सोडायलाही नाही. तुम्ही दारात उभे असलात तर मला वाटत राहील, तुम्ही कोणालातरी तपासताय. बहुतेक मला.

भारती

*

सावेडी, नगर
८ जुलै १९९७

चि. भारती हीस,
मामाचा जयभीम.

आज दुपारच्या टपालाने शिक्षणपीठाचे पाकीट आले. फॉर्मवर पत्ता माझा असल्यामुळे इकडे आले, नाव तुझे आहे. मी ते उघडलेले नाही. उजेडासमोरही धरलेले नाही. तुझी मामी दोनदा म्हणाली, "अहो, बघा तरी, पोरीला फोन करून कळवता येईल." मी म्हटले, तुमच्या गावी पाथर्डीच्या फोनवर निरोप द्यायचा तर आधी मला तो कळायला हवा, आणि मला तो तुझ्याआधी कळून घ्यायचा नाही.

स्वतः घेऊन आलो असतो. पण तुझ्या हातात पडण्याआधी ते चार तास माझ्या खिशात राहिले असते. म्हणून या पत्रासोबत रजिस्टरने पाठवतो.

मे महिन्यात तू घरी होतीस तेव्हा बोलायचे राहिले. तुझ्या पत्रात लिहिले होतेस की संशय तुझा होता. मी तेव्हापासून ते तपासतो आहे. पूर्ण खोटे निघत नाही.

तुझा मामा,
भीमराज

*

ता. पाथर्डी
२१ जुलै १९९७

ती. मामांस व मामीस,
सप्रेम जयभीम.

पाकीट मिळालं. फोडायच्या आधी मी त्याच्या चारही कडा बघितल्या, डिंक कुठं उचकटलाय का. उचकटलेला नव्हता. बघून झाल्यावर लाज वाटली, पण बघितलं हे खरं. सवय कोणाची लागली ते सांगायला नको.

पास झाले. शंभरात एकसष्ट. गणितात काठावर.

त्याच आठवड्यात साखरशाळेच्या संस्थेचे साहेब तालुक्याला आले होते. ताईंनी माझं नाव दिलंच होतं. ह्यांनी नवा शर्ट घातला आणि मला घेऊन गेले. साहेबांनी गुणपत्रिका पालथी करून बघितली. म्हणाले, "हे मुक्तवालं म्हणजे घरबसल्या देतात तेच ना? दाखला न विचारता?" तुमचीच आठवण झाली मला. मी म्हटलं, "व्हय, तेच. दाखला विचारत न्हाईत, बाकी सगळं विचारत्यात. तुमीबी विचारा."

साहेबांनी अंगणातली चार पोरं बोलावली, खडू दिला आणि म्हणाले शिकवा. मी अर्धा तास शिकवलं. एक पोरगं मधेच उठून शेळीमागं गेलं, त्याला हाक मारून परत आणलं. साहेब वहीत काहीतरी लिहीत होते, वर बघतच नव्हते. वाटलं, गेलं.

शनिवारी पत्र आलं. दिवाळीनंतर कोपरगावच्या तळावर रुजू व्हायचं. पण खाली एक ओळ आहे: 'शैक्षणिक पात्रतेबाबत खात्री न झाल्याने नेमणूक सहा महिन्यांच्या चाचणीवर.' मी ती मोठ्यानं वाचली. ह्यांनी मान खाली घातली. सासऱ्यांनी ती ओळ मला परत वाचायला लावली. मग बोटं मोजली, कार्तिकापासून चैत्रापर्यंत.

"सा म्हयनं म्हंजे हंगामच की," म्हणाले, आणि तोडणीच्या मुकादमाला औंदा अर्धा कोयता सांगायला निघून गेले.

तुमची,
भारती